बोट लावून बघ

वार्डोला जानेवारीत उजाडत नाही.
अकराच्या सुमाराला खिडकी निळी होते,
हातातलं टाकून आम्ही तिकडे बघतो,
ती परत काळी होते.

मासळीचा कारखाना तीन आठवडे बंद.
कॉड यायच्या आत कापणीच्या हॉलची जमीन
नवी करायची होती. जुनी
मिठानं, पाण्यानं, ट्रॉल्यांच्या चाकांनी सोलवटलेली.
घासली, धूळ ओढून घेतली, भेगा भरल्या,
आणि टोरलाइव्ह म्हणाला, थांबा.

सिव्हर्टला थांबवेना. मालक तो.
बोटी निघाल्या, म्हणाला,
आणि गॅसचे दोन हीटर आणून धडाडून लावले.
तासाभरात आमचे स्वेटर खुंटीवर.
बघ, वीस अंश! आता काय अडलंय?
टोरलाइव्हनं थर्मामीटर पिस्तुलासारखं
काँक्रीटवर रोखलं.
चार.

हवा लगेच ऐकते.
जमिनीच्या पोटात अजून डिसेंबर असतो.

पण पगार सिव्हर्ट देतो.
शुक्रवारी डबे उघडले. राळ
गारठलेल्या मधासारखी काठीला लोंबत राहिली.
दोन भाग राळ, एक भाग हार्डनर,
खिळ्यांचे बूट घालून मागे मागे सरत
रोलर फिरवला, आणि राखाडी आरसा
दाराशी येऊन संपला.

सोमवारी दार उघडलं तर
आरशावर साय.
पांढुरकी, तेलकट, चिकट.
गॅस जळताना पाणी सोडतो,
ते दोन रात्री गार जमिनीवर बसत राहिलं
आणि कुणाला दिसलं नाही.
सिव्हर्टनं बोट लावलं. ठसा उमटला.
स्वतःचाच ठसा बघत तो बराच वेळ उभा.

‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य
टोरलाइव्हच्या घराण्यातच नसावं.
त्यानं घासायचं यंत्र चालू केलं.

मग काहीच न करण्याचं काम सुरू झालं.
हीटर बाहेर बर्फात, धूर तिकडेच,
नळीतून फक्त कोरडी ऊब आत.
राळेचे डबे जेवणघरात
रेडिएटरपाशी रांगेनं, अंगावर जुनी रजई.
दर दोन तासांनी आकडा. रासा वहीत लिहायची:
सहा. सहा. सात.
रात्री परत साडेसहा.

दवबिंदू किती, टोरलाइव्ह विचारायचा.
पानावरचा नव्हे. या बेटावर पान कुठलं,
झाडच नाही.
दवबिंदू म्हणजे मीटरवरचा आकडा,
जमीन त्याच्या तीन अंश तरी वर हवी,
नाहीतर हवा आपलं पाणी तिच्या अंगावर टाकते.

रासा म्हणाली, आमच्या लिथुआनियात
माझ्या नावाचा अर्थ दव.
टोरलाइव्हनं चष्म्यावरून बघितलं,
मग गुरुवारपर्यंत तू जमिनीपासून लांब राहा.
तीन आठवड्यांतला त्याचा एकुलता एक विनोद.
ती जिन्यात जाऊन हसली.

रात्रपाळीला मी आणि तो,
मध्ये थर्मास.
न विचारता म्हणाला,
बायको किर्केनेसला राहते, सप्टेंबरपासून.
हल्ली फोन उचलते.
मी म्हटलं, मग?
आठ, तो म्हणाला.
कळेना, तिच्याबद्दल की जमिनीबद्दल.
मी आपलं वहीत लिहिलं.

गुरुवारी बारा. दवबिंदू दोन.
राळ पाण्यासारखी ओतली गेली,
आणि आम्ही परत मागे मागे,
या वेळी कुणी बोलत नव्हतं,
नुसती खिळ्यांची करकर
आणि रोलरचा ओला आवाज.

शनिवारी सिव्हर्ट आला, हात खिशात.
दारातच थांबला.
टोरलाइव्ह म्हणाला, बोट लावून बघ.
त्यानं हातमोजा काढला,
वाकला, गुडघा टेकला,
बोट टेकवलं, उचललं,
दिव्याखाली धरून बघितलं.

काही लागलं नव्हतं.
तरी त्यानं ते पँटला पुसलं.