गाठी

वडील करवतीला शिव्या देत त्या या गाठींमुळे.
सेंट फिलिपच्या खाणीत दगड लोण्यासारखा कापला जाई,
बाहेरची हवा लागली की मग घट्ट होई.
बार्बाडोसची अर्धी घरं त्याचीच, चर्च त्याचं,
चर्चमागच्या कबरीही.
मध्येच करवत कुरकुरे, तिचा दात उडे:
आत प्रवाळाचं एक डोकं, अख्खं,
जगलं तिथंच मेलेलं.
"गाठ आली," म्हणायचे डार्नली इनिस,
आणि पहारीनं बाजूला लोटायचे.

तसली एक गाठ आमच्या स्वयंपाकघराचं दार
उघडं धरून होती. छप्पर दोनदा बदललं,
दार तीनदा. ती उंबऱ्याबाहेर तिथंच.
मी शिकून परत आले तेव्हा आधी तिलाच उचललं.
बोटभर जाडीचा काप काढला, क्ष-किरणांखाली धरला.
फिका पट्टा, गडद पट्टा. दोन्ही मिळून एक वर्ष.
एक्केचाळीस वर्षं मोजली, ओठ हलवत,
लहानपणी पाढे म्हणायचे तशी.

वडिलांनी चष्मा पुसला. "यातलं वाईट वर्ष कुठलं?"
मी एक बारीक, काळपट रेघ दाखवली.
इथं वाढ अडली होती. उष्णतेनं, गाळानं, कशानं,
ते सांगता येत नाही.
त्यांनी रेघेवर अंगठा ठेवला.
करवतीनं चपटं केलेलं ते नख
नऊ वर्षं झाकून बसलं.

मग दातांच्या डॉक्टरची असते तसली बारीक गिरमिट.
पट्ट्यापट्ट्यातून तपकिरीएवढी चिमूट,
कागदाच्या पुडीत, पुडीवर आकडा.
पाणी उबदार असलं की प्रवाळ स्ट्रॉन्शियम कमी उचलतो,
गार असलं की जास्त.
एवढ्याशा फरकावर मी सव्वा लाख वर्षांपूर्वीचा
एक मार्च महिना शोधत होते.

नाही सापडला.
गाठ उघड्यावर होती ना. पाऊस कणाकणात शिरतो,
जुना स्फटिक विरघळवतो, त्याच जागी नवा रचतो;
नक्षी तीच, फुलं तीच,
समुद्राचं मात्र आत काही ठेवत नाही.
"चेहरा आहे," मी म्हटलं, "साक्ष नाही."
"मग दाराशी ठेव परत. वारा सुटलाय."

त्या रात्री टेबल पुसताना पांढरी पूड फडक्याला लागली
आणि मला आई दिसली,
मागच्या पायरीवर वडिलांचे कपडे झटकणारी.
खिशातून, दुमडीतून, कानामागून
हीच पूड निघायची.
रोज संध्याकाळी किती मार्च महिने
कोंबड्यांच्या पुढ्यात पडले असतील, कोण जाणे.

रविवारी ते न सांगताच हॅट घालून तयार.
बंद पडलेल्या खाणीत झुडपं माजलेली,
काठीनं वाट करत पार तळाशी गेले.
"इथं. एकाहत्तर साली दोन पाती मोडली मी हिच्यावर.
वर चिकणमाती होती, म्हणून सोडून दिली."
मातीचा थर तसाच होता. कोरडा, घट्ट, छपरासारखा.
माझ्या हाताखालचा कार्लाइल बोव्हेल
त्यांच्याकडे पाहत राहिला, मग यंत्र आणायला पळाला.

नळी तासभर फिरली.
बाहेर आला तो मनगटाएवढा जाड, पांढराशुभ्र दांडा,
भिंगाखाली सुईसारखे स्फटिक, मूळचे, न बदललेले.
वडिलांनी तो हातात घेतला, जिभेला लावला.
"खारट नाही," म्हणाले. थोडं उतरलेल्या आवाजात.

समुद्र तेव्हा या जागेच्या वर होता.
आता खाली आहे, पाऊण मैलावर, दिसतो.
बेट शतकाला बोट-दोन बोटं वर येतं;
पाण्यानं मनावर घेतलं तर
ती बोटं कुठवर पुरतील, ते कार्लाइलनं विचारलं.
मी दांडा ओल्या कापडात गुंडाळत होते.
"आधी हा वाचू दे," म्हटलं.

मागं वळून पाहिलं तर वडील गुडघ्यांवर बसलेले.
चुना त्यांनी घरूनच आणला होता, डब्यात.
त्यात दगडाची भुकटी कालवून
गाठीला पाडलेलं भोक ते बुजवत होते,
थापीनं कडा सपाट करत,
कुणाच्या घराची भिंत असावी तसे.