दोन सेकंद

कौतोकेइनोच्या दवाखान्याबाहेर उणे अडतीस.
म्हातारा नीलास हातमोजा ओढून काढतो.
"पाडस अडकलं होतं बर्फात," इतकंच सांगतो.

रिस्तेन त्याचं एकेक नख दाबते.
नख पांढरं पडतं.
सोडायचं, आणि मोजायचं:
एक. दोन.
अंगठ्याचा रंग परतला.
मधल्या बोटाचाही, रेंगाळत.
करंगळी गप्प.

थंडीत शरीर कडेच्या वस्त्या आधी सोडून देतं,
हे रिस्तेनला पाठ आहे.
काळीज वाचावं म्हणून मिटतात
केसाहून बारीक वाटा,
जिथून लाल पेशी एकेकटी,
अंग दुमडून, भिंतीला खांदा घासत जाते
आणि जाता जाता
आणलेला श्वास देऊन टाकते.
नाडीचा एवढा गाजावाजा;
देणंघेणं होतं ते या बोळांत.

"रेनडिअरचं नाक बघ," नीलास म्हणतो,
"जन्मभर बर्फ हुंगतं, गोठत नाही."
"तू रेनडिअर नाहीस."
ती पुन्हा दाबते.

कोमट पाणी. भिंतीवरचं घड्याळ.
पाच. सहा.
सात,
आणि नखाच्या मुळाशी
दलदलीतल्या कच्च्या क्लाउडबेरीवर असते
तेवढी लाली.

मग ठणका सुरू होतो.
नीलास सगळ्या देवांना शिव्या घालतो.
रिस्तेन वहीत लिहिते:
करंगळी, परत.