तिसरी लाइन

अजनीच्या आउटरला मेमू उभी.
कोळसा पुढं चाललाय, अठ्ठावन्न वाघिणी.
मी मोजतो. सवय.

नकाशावर तिसरी लाइन मीच ओढली होती
लाल पेन्सिलीनं, बुटीबोरीपासून,
खापरीजवळ एका विहिरीला वळसा देऊन.
खोब्रागडे साहेब म्हणाले, वळसा महाग पडेल.
यंदाही पिंक बुकात तिच्या नावापुढं
रुपये एक हजार.
म्हणजे काम मेलेलं नाही, एवढंच.

समोरची नर्स घड्याळ बघते.
"तुमी रेल्वेतच ना? काहून थांबवली जी?"

मी खिडकीबाहेर बोट दाखवतो.
रुळांलगत रिकामी पट्टी, घाणेरीची झुडपं,
आणि त्यातून सरळ गेलेली
चुन्याची पांढरी रेघ.

"हजारात चुना येतो, बाई.
दरसाल नवा मारतो."