मानस

एर्मेलिंद बाई सीपीयू घेऊन आल्या दिवाडीच्या फेरीतून,
जुन्या टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून,
आणि माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाल्या,
सांभाळून हां, हा मधेच मरतो.

दिवसातून चारदा. कधी पाचदा.
निळा पडदा, पांढरी अक्षरं, मग काळोख.
स्विंडनच्या भाच्यानं फोनवरच निदान केलेलं:
आंटी, फॉरमॅट मार, सगळं नवं होईल.
सगळं म्हणजे काय काय, हे विचारेपर्यंत
तो ड्युटीवर निघाला होता.

आत काय आहे, मी विचारलं.
मानस, म्हणाल्या.
मी बांद्याचा, रायबंदरला दुकान टाकून तीनच वर्षं झालेली,
मला वाटलं कविता करतात;
निवृत्त शिक्षिका, चष्म्याला दोरी, संशय येतोच.

तेव्हा त्यांनी हातांनी करून दाखवलं:
बांधातली लाकडी दारं.
ओहोटीला खाजनातलं पाणी बाहेर सोडतात,
भरतीची नदी आत घुसायला आली
की तिच्याच धक्क्यानं मिटतात.
वडील तिथले राखणदार. बत्तीस वर्षं वहीत लिहीत राहिले:
कुठल्या फळीला कुर्ल्यांनी भोक पाडलं,
कोळंबीसाठी रात्री कुणी गुपचूप उघडली,
खार कितव्या कुणग्यापर्यंत चढला.
बाईंनी दोन पावसाळे बसून
ते सगळं एका बोटानं टाइप केलं.
आणि वह्या?
वाळवीनं वाचल्या.

पहिली गोष्ट, चालू करायचा नाही.
लोक नेमकं तेच करतात, बटण दाबतात, पुन्हा दाबतात,
दम लागलेल्याला जिना चढून दाखव म्हटल्यासारखं.
स्क्रूंची डोकी खाऱ्या हवेनं खाल्लेली,
दोन तर पकडीनंच काढले.
डिस्क माझ्या मशीनला लावली,
फक्त वाचायची, लिहायची परवानगी बंद.
आतलं सगळं बाहेर येऊ दे,
बाहेरचं एक अक्षर आत जायला नको,
असं मी समजावत होतो.
ओहोटी, बाई म्हणाल्या, आणि शेवटची फेरी गाठायला उठल्या.

रात्री टेबलफॅन डिस्ककडे वळवला, मी घामात.
एकसष्ट टक्क्यांवर ती अडली.
टक्. टक्. मग काहीच नाही.
अशा वेळी हात लावायचा नसतो.
मी हात मांडीखाली घेऊन बसलो, खरंच.
पावणेतीनला ती स्वतःहून पुढे सरकली.

सकाळी प्रत उघडून ओळी तपासल्या.
सोळा, सतरा, अठरा जुलै. तीन ओळी कोऱ्या.
पुन्हा उघडली. कोऱ्याच.
बाई आल्या तेव्हा मी चहासुद्धा विचारला नाही,
आधी कबूल केलं: एवढ्या गेल्या.

त्यांनी चष्मा लावला, तारीख पाहिली आणि हसल्या.
त्या तर वहीतच नव्हत्या, पुता.
बांध फुटला होता तेव्हा. सगळा वाडा चिखलात,
लिहायला कोण बसणार?
पपांनी जागा सोडली होती, म्हणून मीही सोडली.

रोग डिस्कचा नव्हताच.
रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडलेले,
लेकीच्या दप्तरातलं खोडरबर घेऊन घासले, झालं.
खोडरबरनं. हे मात्र बाईंना सांगितलं नाही,
आठशे रुपये लावले होते.

त्यांनी मोजून दिले, वर कोरगुटाचे दोन किलो तांदूळ.
मी म्हटलं, दोन प्रती ठेवा,
एक घरी आणि एक नदीपलीकडे.
कुठली पलीकडे, त्यांनी विचारलं. आमच्या चहूकडे नदी.

म्हणून एक पेनड्राइव्ह माझ्याकडे राहिला.
फेरी सुटायची घाई, टॉवेल विसरून गेल्या.
त्यातच गुंडाळून ठेवलाय खालच्या खणात;
वरच्यात मुंग्या होतात.