थकलास का

केयोनच्या बंदरावर सामन माशाचा कारखाना आहे,
बेटाचा रस्ता संपतो त्याच्या थोडा पुढे.
तिथे अकरा वर्षं मी माशांचे काटे उपटते.
बोटं माझी, चिमटा माझा, गारठा कंपनीचा.

पट्ट्यावर आम्ही सगळे सारखेच,
पांढरा डगला, टोपी, तोंडाला फडकं, गमबूट.
बाई की बाप्या, माशाला काय त्याचं.
माझ्या डाव्या हाताला अमारो उभा असतो.
आधी तो उभी असायची.
(हे वाक्य व्याकरणात बसत नाही, ठाऊक आहे.
बसवायला मलाही वेळ लागला.)

दारातलं यंत्र बोट ओळखतं
आणि पडद्यावर जुनं नाव दाखवतं.
ते मी इथे लिहीत नाही.
रोज पावणेसहाला
एक शिट्टी, हिरवा दिवा आणि ते नाव,
मागे रांगेत वाचायला चाळीस माणसं.
ऑफिसातली मुलगी म्हणाली, तीन आठवडे लागतील.
तेव्हापासून दोन हिवाळे झाले.

थर्मासमधला चहा मी त्याला द्यायचे.
"नको, ओतिलिया."
रोज नको. सहा महिने नको.
मी मनात म्हटलं, मोठा आलाय शहाणा,
आमच्या हातचं चालत नाही.
मग तो मुतखड्याने इस्पितळात पडला
तेव्हा कळलं,
दारं दोन आहेत.
एकात शिरलं की बायका गप्प होतात,
दुसऱ्यात शिरलं की पुरुष बोलायला लागतात.
म्हणून तो आठ-आठ तास पाणी पीत नव्हता.

शहाणी तर मी.

ऑगस्टात, रात्रपाळीला, अमोनियाची नळी फुटली.
भोंगा. डोळ्यांत कांदा चिरल्यासारखी आग.
आवारात गारांखाली आम्ही उभे
आणि फोरमन एव्हारिस्तो टॉर्चच्या उजेडात यादी वाचतोय.
हजर. हजर. हजर.
मग ते नाव.
कोणी बोललं नाही.
पुन्हा ते नाव.
बंबावरचा एक पोरगा, दिवसा पाव भाजणारा,
पाठीवर सिलिंडर चढवू लागला,
आत राहिलेल्या बाईला आणायला.

अमारो माझ्या शेजारीच.
त्याचं तोंड उघडताना मला दिसलं.
त्या पोरासाठी तो ते नाव
पुन्हा अंगावर घेणार होता,
दुसऱ्याचा ओला डगला घ्यावा तसं.
मी ओरडले,
बाजारात शिंपले विकणाऱ्या माझ्या आईच्या आवाजात,
"आत कोणी नाही रे!
माणसं पुरी आहेत, यादी चुकलीय!"

टॉर्च चेहऱ्यांवरून फिरला.
अमारोवर थांबला.
एव्हारिस्तोने खिशातून पेन काढलं, थंडीने चालेना.
जिभेला लावलं, पुन्हा घासलं,
ओला कागद नेमका त्या ओळीवर फाटला.
मग नुसतंच म्हणाला,
"मोजले. सत्तेचाळीस."
पोराने सिलिंडर उतरवला.

यंत्र अजून तेच नाव दाखवतं.
मोर्चा नाही निघाला, कोणी माफीही मागितली नाही.
गेल्या गुरुवारी मात्र, पाळीच्या शेवटच्या तासाला,
एव्हारिस्तो पट्ट्यामागून जाताना थांबला
आणि बर्फाच्या पेटीकडे बघत म्हणाला,
"थकलास का?"

वेलांटी जाऊन काना आला, एवढंच.
अमारोचा चिमटा हवेतच राहिला,
एक मासा काट्यांसकट पुढे निघाला,
तो मी ओढून घेतला.
"थकलो," अमारो म्हणाला,
आणि फडक्याआड हसला असावा, डोळे तसे दिसले.

सुट्टीत त्याने आपणहून हात पुढे केला.
मी झाकणात चहा ओतला.
दोन घोट घेतले, उरलेला परत दिला.
दारं अजून दोनच आहेत.