पाच बोटं दाट

लस पहाटे डब्यात बसते
बर्फाच्या चार लाद्यांमध्ये,
आणि जामन्याच्या वाटेवर माझी गाडी
प्रत्येक खड्ड्याला नाक घासून नमस्कार करते.

लुकमान तडवीनं हँडल दाबलं, सोडलं.
पुन्हा दाबलं.
“शॉकपमधलं तेल पाणी झालं, सिस्टर.
कंपनीचं दहा नंबर. ते सडकेसाठी.”
वीस टाकलं तर?
“मनगट सुजंल. पट्टी तुमची तुम्हालाच बांधा लागंल.”

पंधरा यावलात मिळत नाही.
भुसावळहून येईल. सोमवारी. कदाचित.
म्हणून दोन डबे, केळीच्या पानाचं नरसाळं
आणि माझ्या पिशवीतली पन्नासची सिरिंज,
सुई काढलेली.

मला वाटलं, निम्मं हे, निम्मं ते,
दहा आणि वीस, मध्ये पंधरा;
चौथीतल्या पोराला येईल.
तो हसला नाही.
“डोंगरातून उतरता कधी?”
दुपारी.
“मंग दुपारचंच धरू. पहाटे कडक वाटंल. सोसा.”
हातभर काचेची नळी भरून त्यानं उन्हात उभी केली,
कारण सेहेचाळीस अंशांत
प्रत्येक तेल आपला नंबर विसरतं.
मग मोहरीएवढा छर्रा वरून सोडला.
“मोजा.”
घड्याळ बंद पडलेलं. मी माझीच नाडी धरली.

पातळात सहा ठोके.
दाटात बारा.
निम्म्या-निम्म्यात नऊ यायला हवे होते.
आठ झाले, आणि छर्रा
नवव्यासाठी थांबलाच नाही.

“पातळ ओढतं,” तो म्हणाला. “नेहमी.
चहात पाणी घाला, दूध घाला,
हिशोब पाण्याकडंच झुकतो.”
मी सासरचं काही बोलणार होते,
राहू दिलं.

मग पाच बोटं दाट, साडेतीन पातळ.
अर्ध्या बोटासाठी त्यानं करंगळी धरली,
नखापासून पेरापर्यंत.
नळी पुन्हा उन्हात. छर्रा.
नऊ.
पुन्हा एकदा, नऊ.
तोवर माझी नाडी तीच राहिली होती का,
हे त्यानं विचारलं नाही.

दोन्ही पायांत सारखं, एकशे साठ, एकशे साठ.
सिरिंज मी परत मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चढावर
कडक. सोसलं.
दुपारी गाडऱ्याच्या नाल्यात पुढचं चाक खाली गेलं,
तळाला आपटणार, एवढ्यात
खालून कुणी तळहात लावावा तसं
थांबलं,
आणि घाई न करता वर आलं.
डब्यात उरलेल्या दोन कुप्या
एकमेकींना एकदाच लागल्या.
किती ठोके गेले,
मोजायचं राहिलं.