साडेनऊचा खेळ

इंदुरात तेव्हा रविवारी सकाळी
मधुवंती टॉकीजला इंग्रजी सिनेमा लागायचा, साडेनऊला.
बाराला हिंदी. मधे झाडू मारायला
वीस मिनिटं हवीत, असं मालकांचं म्हणणं.
म्हणून ऑपरेटर मुंगीकाका गाणी कापत.

त्यांचा दोष नव्हता.
गोष्ट कापली तर लोक खुर्च्या फाडतात,
गाण्यासाठी कोण भांडणार,
शब्द कळत होते कुणाला?

तर मी पाहिलेले ते सगळे सिनेमे असे:
एक माणूस जिन्याच्या पहिल्या पायरीशी येतो,
टोपी मागे सारतो, छाती भरून श्वास घेतो,
ओठ उघडतो –
टच्.
पडद्यावर एक पांढरा ओरखडा,
आणि तो थेट वरच्या पायरीवर, घामाघूम,
बाई त्याच्या मिठीत,
मघापर्यंत नाही नाही म्हणणारी, आता हो म्हणालेली.

मला आणि वेणू टिळेकरला वाटायचं,
अमेरिकेत असंच असणार.
श्वास घ्यायचा, की होऊन जातं.

रामबागेपर्यंत चालत येताना
मधलं गाणं आम्ही रचायचो.
वेणू पेटीच्या पहिल्या वर्षाला होती,
त्यामुळे सगळे अमेरिकन भूपातच गायचे.

परवा भाचीच्या मुलीनं, अन्वयानं,
त्यातलाच एक लावून दिला लॅपटॉपवर.
अख्खा. माझ्या बहात्तराव्या वर्षी.

गोष्ट नाही टिकली हो.
रंग असे की सराफ्यातली मिठाई फिकी पडावी,
पण त्या रंगात एक महाराजा, तोंडाला काजळी फासलेला,
पगडीत बहुतेक कोंबडीचं पीस.
एक काळा माणूस दार उघडतो, बॅगा उचलतो,
आणि सिनेमातून निघून जातो, कायमचा.
नायक खिडकीखाली रात्रभर उभा.
‘ह्याला पोलिसांत द्यायला हवं,’ अन्वया म्हणाली.
मी काही बोलले नाही. तेव्हा मला तो आवडला होता.

मग जिना आला.
टोपी. श्वास.
मी सवयीनं डोळे मिटले, टच् होईल म्हणून.

झालं नाही.
तो नाचत होता.
कॅमेरा सभ्य माणसासारखा चार पावलं मागे उभा,
बुटापासून टोपीपर्यंत अख्खा माणूस दिसू देत.
चार मिनिटं, कुठे कात्री नाही.
एकदा त्याची टाच घसरली, तेही ठेवलेलं.
अन्वयाचा फोन वाजला. तिनं तो उलटा घातला.
आणि सातव्या पायरीवर
तो थांबला,
तिचं पाऊल येईपर्यंत.

तेवढंच.
हो तिनं तिथे म्हटलं होतं,
आणि ती पायरी आमच्या इंदुरात
कधी पोचलीच नव्हती.

आमचं भूपातलं गाणं तसं वाईट नव्हतं.
पण त्यात कुणी कुणासाठी थांबत नसे.

डोअरकीपर रामरतन आप्पांना सांगायचा,
रविवारी रात्री शेवटचा खेळ सुटला,
कुलपं लागली,
की आतून पावलं वाजतात.
आप्पा हसायचे. थेटर म्हटलं की भूत आलंच.

भूत कसलं. मुंगीकाका
सकाळचे गाळलेले तुकडे एकाला एक चिकटवून
रिकाम्या सातशे खुर्च्यांपुढे लावत असणार,
स्वतः मागे, यंत्राच्या उबेत.
आणि सोमवारी पहाटे सगळं पुन्हा जागच्या जागी जोडून
पेटी स्टेशनवर.
प्रत्येक सांध्याला एखादी चौकट कमी,
पण तेवढं कोण मोजतं.

पंचाहत्तर पैशांत आम्हाला गोष्ट मिळाली होती.
ती विटली.

वेणू देवासला असते, ऐकू कमी येतं.
तरी फोन केला. म्हटलं, अगं, तो थांबतो!
‘कोण?’
जिन्यावरचा. टोपीवाला. मधल्या गाण्यात.

बराच वेळ पलीकडे नुसता पंखा.
मग म्हणाली,
‘कितव्या पायरीवर?’